जमिनीपासून उंची

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलंय :
घराची उंची, जमिनीपासून, सेंटिमीटरमध्ये.
मी पेन उघडून बसले आहे
कास्मुरींच्या ओसरीवर, सेमारांगच्या उत्तर टोकाला,
आणि ते मलाच विचारताहेत,
'कुठल्या जमिनीपासून, पोरी?

तळाशी आहे वडिलांची, तांबड्या कोब्याची.
तिच्यावर शिंपल्यांचा भराव, आणि दुसरी,
थोरलीच्या लग्नात घातलेली, हिरव्या फुलांच्या फरशीची.
तिच्यावर पाडलेल्या शाळेचा राडारोडा,
मग तिसरी, कर्ज काढून.
ही चौथी, जिच्यावर तू आलीस
चपला बाहेर काढून.
बाहेर म्हणजे पाण्यात.
डावी बघ, निघाली मशिदीकडे.'

छप्पर मात्र तेच.
जमीन दर वेळी वर येते, छप्पर जागचं हलत नाही.
पंखा काढून टाकलाय.
दाराची चौकट माझ्या खांद्याला लागते.
या गल्लीत सगळेच वाकून घरात शिरतात,
नवख्याला वाटतं, काय नम्र माणसं!

रुकानाबाई मागच्या दारी करवंट्यांच्या धुरावर
मासे लावताहेत. वळून न बघता सांगतात :
समुद्र कधी समोरून येत नाही.
तो मोरीतून येतो. आधी एक बुडबुडा,
मग झुरळं,
मग तो.

कचेरीत आराखडा आहे, दोन हजार पंचेचाळीसपर्यंतचा.
गुळगुळीत कागद, निळ्याच्या चार छटा.
फिक्या निळ्यात 'जुळवून घेणे',
सगळ्यात गडद निळ्यात 'टप्प्याटप्प्याने माघार'.
माघार हा शब्द मी सुचवला.
आधी तिथे स्थलांतर होतं,
साहेबांना ते खर्चिक वाटलं.

मागच्या महिन्यात सभा झाली, विटांवर चढवलेल्या खुर्च्यांत.
सल्लागार हेंदार्तो यांनी पडद्यावर भिंत दाखवली,
पंप दाखवले, तिवरांची रोपं,
पाण्यात एकही माणूस नसलेलं एक सुंदर चित्र.
प्रश्न विचारा, म्हणाले.
रुकानाबाई उठल्या :
'यात माझी सासू कुठे आहे?'
हशा पिकला.
'दोनदा वर घेतलं तिला. तिला नाही,
तिच्या नावाची फळी.
खाली ती आहे तिथेच आहे, ओहोटीला चिखल दिसतो.
तुमची भिंत झाली की ती आत येईल का बाहेर राहील,
एवढंच सांगा.'
हेंदार्तोंनी सूचीवर बोट फिरवलं, वरून खाली,
पुन्हा वरून.
झडपेला खूण होती, उदंचन केंद्राला होती,
सायकलमार्गालासुद्धा होती.
मग इतिवृत्तात मीच लिहिलं : नोंद घेतली.

नातू चप्पल घेऊन आलाय, हसतोय.
मी फीत लावते. चौथ्या जमिनीपासून एकशे नव्वद.
बाकीच्या तीन कास्मुरी तोंडी सांगतात,
दोनशे वीस, दोनशे पन्नास, दोनशे ऐंशी,
वाढदिवसाच्या तारखा सांगाव्यात तशा.
रकाना एवढासा. संगणक एकच आकडा घेतो.

मला दोनशे ऐंशी टाकायचे होते.
म्हणजे निदान कागदोपत्री तरी
या दारातून कुणी ताठ मानेने आत जाईल.
पण दोन मीटरवरच्या घराला मदत निम्मी, असा नियम आहे,
आणि नियमाचा मसुदाही माझ्याच अक्षरात आहे.
एकशे नव्वद टाकले.
उरलेल्या तिघी समासात आहेत, पेन्सिलीने.

निघताना रुकानाबाई कागदात बांधून मासा देतात.
घेऊ नये. घेते.

मी नोकरीला लागले तेव्हा
आमच्या कचेरीला पाच पायऱ्या होत्या.
मधे रस्ता दोनदा उंच केला.
आता तीन आहेत.
हे अजून कुठल्या रकान्यात आलेलं नाही.
सकाळी चढताना मोजते,
आणि आत जाऊन दिवा लावते.