शाळेचे नाव : घर

अर्जात एक रकाना होता, शाळेचे नाव.
मी लिहिलं, घर.
त्याखाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का.
सही ठोकली. शिक्क्याचं काय?
निषाद म्हणाला, बटाट्याचा करू.

तीन वर्षांपूर्वी चाचणीच्या आदल्या रात्री
पोट धरून बसायचा हा मोरीपाशी.
म्हणून तर काढला शाळेतून,
सासरच्यांचं, माहेरच्यांचं,
शाळेच्या रिक्षावाल्या काकांचंही ऐकून घेतलं.
आणि आता बारा वर्षांचा होऊन
आपणहून परीक्षा मागतोय,
तीही लॅटिनची,
जोडीला रोमन दैवतांच्या कथांची,
देवळाली कॅम्पात, चर्चमागच्या हॉलमध्ये,
फी साडेचारशे.

लॅटिन त्याला द्राक्षांच्या नर्सरीत सापडली.
बाबा पिंपळगावला कलमं बांधतात.
रोपांच्या पाट्यांवर,
भुरीच्या, केवड्याच्या औषधांच्या माहितीपत्रांवर
आडवीतिडवी नावं.
ही कुणाची भाषा?
बाबा म्हणाले, मेलेल्या माणसांची.
पण वेलींना चालते.

मग सकाळ-संध्याकाळ गच्चीवर घोकंपट्टी.
घोकंपट्टी किती वाईट, ह्यावर
मी नवऱ्याला एकदा दोन तास व्याख्यान दिलं होतं.
नासुस, नासी, नासो, नासुम.
खालून कुलथे काकू : अगं, काय नासलं?
काही नाही काकू, नाक आहे.

एके दिवशी तो मध्येच थांबला.
आई, नासुस म्हणजे नाक.
नासिका म्हणजे नाक.
आणि आपण राहतो ते?
समोर पंचवटीचे कळस, पाण्याच्या काळ्या टाक्या,
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी.
मी ह्याच गावात जन्मले.
एसटीच्या पाटीवर हजारदा वाचलं हे नाव,
आणि अंगावर काटा आला तो आत्ता,
विद्यार्थ्यानं आणलेला, मास्तरणीच्या.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर, चिंचेखाली.
बाकीच्या आया एकमेकींना शाळा विचारत होत्या.
आत घंटा झाली
आणि माझंच पोट दुखायला लागलं.
गुणांची भीती नव्हती, खरंच नव्हती.
तीन वर्षं त्याच्या वहीवर फक्त माझं पेन फिरलं.
मीच शिकवायचं, मीच विचारायचं,
मीच म्हणायचं, बरोबर.
आज पहिल्यांदा कुणी परकं माणूस
त्याचं पान उलटणार होतं,
आणि मागे मी दिसणार होते.

दीड महिन्यानं पत्र आलं. चाळीसपैकी एकतीस.
चुकलेल्या नवांपैकी चार चुका माझ्या,
मी शिकवल्या तशाच, काना-मात्रेसह.
त्या रात्री जेवणं आटोपल्यावर
आम्ही दोघं एकाच बाजूला बसलो टेबलाच्या.

लॅटिनचा उपयोग काय झाला त्याला,
काकू अजून विचारतात.
मी म्हणते, बघू.
इगतपुरीच्या एका मुलीनं शेजारच्या बाकावरून
खोडरबर तोडून अर्धं दिलं होतं,
ते त्यानं अजून वापरलेलं नाही.
हे काकूंना सांगत नाही.

मला आठवते ती परतीची रिक्षा.
द्वारकेचा सिग्नल, कुठूनसा चिवड्याचा वास,
तळलेल्या कांद्याचा, लसणाचा,
आणि त्याचा एक प्रश्न, जो पेपरात नव्हता :
आई, आपल्या तपोवनात जिचं नाक कापलं म्हणतात,
तिला नंतर वास यायचा का गं?

सिग्नल सुटला.
रिक्षावाल्यानं आरशात आधी त्याला पाहिलं,
मग मला.
कितवीत आहे हो, म्हणाला.