धर, सोडू नको

टॉडमॉर्डनच्या उतारावर त्या मंगळवारी
पुढचा ब्रेक दाबला
तर लिव्हर थेट मुठीला येऊन टेकला,
भिजलेल्या पोह्यांत बोट रुतावं तसा.
रस्त्याच्या मधोमध मेंढी.
मागच्या ब्रेकवर, बुटांच्या तळव्यांवर
आणि उरलेलं नशिबावर टाकून
थांबलो एकदाचा, तिच्यापासून हातभर अलीकडे.
तिने माझ्याकडे बघितलं.
चघळणं काही थांबवलं नाही.

गाडी विकणारा म्हणाला होता,
'थोडा मऊ आहे ब्रेक, सवय होते.'
झालीच होती.
सवय म्हणजे काय,
सिग्नलच्या दोन दुकानं आधीच
घाबरायला सुरुवात करायची.

शनिवारी कॅलिपर उतरवला.
चारांतले तीन पिस्टन जागच्या जागी रुतलेले,
क्रोमवर देवीचे व्रण,
सीलच्या खाचेत पांढरी पूड,
दातांवरच्या किटणासारखी चिवट.
इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात.
सोळा हिवाळे या कॅलिपरने मीठ खाल्लं
आणि ऐन वेळी
खाल्ल्या मिठाला जागला नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर नवे पिस्टन, स्टेनलेस,
चमच्यांइतके चकचकीत.
नव्या सील, तांब्याचे वॉशर,
आणि स्टीलच्या जाळीचा होज,
कारण जुना रबरी होज
ब्रेक दाबला की बेडकाच्या गळ्यासारखा फुगायचा
आणि माझा अर्धा जोर स्वतःच खायचा.
एकशे चाळीस पौंड. बायकोला ऐंशी सांगितले.

शेजारची बेरिल ग्रीनवुड चहाचा मग घेऊन आली,
वय बाहत्तर, व्हॉल्व्हच्या कारखान्यात तीस वर्षं.
मदतीला नाही, चुका काढायला.
'कोरडी बसवतोयस,' म्हणाली,
मग खाली ठेवून सील माझ्या हातातून घेतली,
ब्रेक ऑइलमध्ये बुडवली, करंगळीने खाचेत फिरवली.
'आता दोन्ही अंगठे. सरळ.
वाकडा गेला की अडला.'
पिस्टन आत गेला,
गाभाऱ्यात पाऊल टाकावं तसा, आवाज न करता.

मग हवा काढायची.
डोक्यात हवा गेलेली माणसं पुष्कळ पाहिली,
स्वतःच्या ब्रेकमध्ये ती असेल असं वाटलं नव्हतं.
ऑइल दबत नाही, हवा दबते.
तुम्ही जीव खाऊन सांगता, थांब,
ती मधल्यामध्ये ऐकून घेते
आणि पुढे निरोप पोचवत नाही.

बेरिल लिव्हरवर, मी खाली निपलपाशी,
हातात आठ नंबरचा पाना,
नळीचं टोक मुरंब्याच्या बरणीत.
ती दाबायची, धरायची,
मी पाव फेरा उघडायचो, बंद करायचो,
तेव्हाच ती सोडायची.
आधी काढ्यासारखं काळं,
मग बुडबुड्यांची माळ,
मग लहान बुडबुडे, मग बराच वेळ काहीच नाही,
आणि पुन्हा एक, मोहरीएवढा, आगाऊ.

तेवढ्यात पाना निसटला.
निपल उघडा, तिचा हात सैल होऊ लागलेला,
आणि मी ओरडलो,
'धर! सोडू नको!'
शुद्ध मराठीत.
अकरा वर्षं इथे इंग्रजीत
प्लीज आणि सॉरीच्या मधोमध बोलतोय,
इतका थेट कुणाशीच बोललो नव्हतो.
तिने धरलं.
बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत धरलं.
निपल बंद झाल्यावर म्हणाली,
'असंच बोलत जा की. कळतं.'

तिने सोडता सोडता एक थेंब टाकीवर उडाला.
पुसेपर्यंत निळा रंग खाऊन मोकळा.

रात्री जुन्या टॉवेलची चिंधी फाडून
लिव्हर मुठीशी आवळून बांधला.
राहिलेसाहिले बुडबुडे
अंधारात आपापले वर चढोत.
दोनदा उठून बघून आलो,
काय बघायचं असतं कोण जाणे.

सकाळी चिंधी सोडली, दोन बोटांनी दाबलं.
दगड नव्हे,
दार वाजवल्यावर आतून कुणी ओ द्यावी
तसं काहीतरी बोटांना लागलं,
लिव्हर अर्ध्यावर यायच्या आत.

उतारावर तीनदा थांबून पाहिलं.
मेंढी नव्हती.
खरं तर हवी होती.