अर्थिंग

फळ्या मोसंबीच्या पेटीच्या, स्पीकर मोडीत गेलेल्या जीपचा,
दोन जाडे ट्रान्झिस्टर बँडवाल्यांच्या मेलेल्या मशिनीतून काढलेले.
गरम होतात म्हणून त्यांच्या पाठीला
खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी, कापून, कानशीनं घासून.
ट्रान्सफॉर्मर मीच गुंडाळला. अकराशे वेढे.
मोजताना दोनदा गिऱ्हाईक आलं,
दोनदा पहिल्यापासून.

असा झाला एस्तेर शिरसाटचा अँप्लिफायर
जुन्या जालन्यात, माझ्या दुकानात, सव्वीस दिवसांत.
ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
गिटार मामाची, एक खुंटी पक्कडीनंच फिरते.
रविवारी चर्चमध्ये वाजवते, पण मागच्या बाकापर्यंत
पोचत नाही म्हणाली.

पहिल्यांदा स्विच दाबला, धूर निघाला नाही.
आमच्या धंद्यात यालाच मुहूर्त म्हणतात.
निघाली ती घुमघुम.
डब्यात कोंडलेला भुंगा,
थकत नाही, सूर बदलत नाही.
एस्तेर हसली, "दादा,
हा तर माझ्याआधीच गाऊ लागला."

कपॅसिटर बदलला, मोठा घातला.
आतली वायर काढून जाळीची ओढली.
ट्रान्सफॉर्मर आडवा करून पाहिला, उभा, तिरका.
एकेक डाग भिंगाखाली धरला;
कोरडा डाग राखाडी दिसतो, ओला चकाकतो,
सगळे चकाकत होते.
भुंगा तिथंच.

मग तिनं तारांवर तळवा ठेवला
आणि तो बारीक झाला.
"गेला!" ती म्हणाली. "पण बोटांना मुंग्या येयल्यात."
मी झडप घालून प्लग उपटला.
तो तिच्या अंगातून जमीन शोधत होता.

त्या रात्री बोर्ड उघडला.
तिसऱ्या भोकामागं हिरवी वायर, वीतभर,
भिंतीत शिरलेली,
पुढं काही नाही.
वडिलांच्या हातची फिटिंग.
पंधरा वर्षं मी लोकांच्या मशिनी
त्या भोकावर भरवसा ठेवून परत देत होतो.

मागच्या बोळात, मोरीला लागून, खड्डा घेतला.
दोन फुटांवर मुरूम. पहार वाजायची, खाली जायची नाही.
साडेपाच फूट व्हायला तीन दिवस गेले.
तांब्याची पट्टी, खडेमीठ, लोणारी कोळसा, पुन्हा मीठ.
मीटर लावला. काटा हलेना.
मे महिना. माती इतकी कोरडी
की विजेलासुद्धा तिच्यात उतरावंसं वाटेना.

पाणी पाहिजे होतं. रोज घागरभर.
आणि नळ बाराव्या दिवशी.
आईनं खड्ड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"पेयाचं पाणी? मातीला पाजू?
ते पण तुझ्या गिटारीसाठी?"
मी काही बोललो नाही.
मीटरची वायर गुंडाळायला घेतली.
तेवढ्यात मोरीपाशी काहीतरी खरवडलं:
आई वाकून, पन्हाळीची वीट सरकवत होती.
"भांड्याचं चालंल का? खारट असतंय."
चालंल.
उलट खारटच पाहिजे, आई.

पाच दिवस आमच्या घरचं वरणभाताचं धुवण
त्या खड्ड्यात गेलं.
सहाव्या दिवशी एस्तेर ड्युटीवरून आली, पांढऱ्या बुटांत.
स्विच दाबला.
काहीच नाही.
दोघंही वाकून बघू लागलो, चालू आहे का.
लाल दिवा लागलेला होता.

तिनं जाडी तार एकदाच छेडली.
दुकानातले उघडे पडलेले रेडिओ, मिक्सर, एक इस्त्री,
सगळ्यांवरून तो आवाज गेला.
डावीकडची फळी थरथरली,
तिथं अजून एक खिळा पाहिजे.
"लागलं का?" आतून आई.
"लागलं."
"मग आता पाणी बंद करू?"
"नको."

मागच्या फळीवर व्यापाऱ्याचा निळा ठसा तसाच राहू दिला.
त्याच्याखाली मार्करनं लिहिलं,
कारण लोकांची सवय मला माहीत आहे:
तिसरी पिन तोडू नये.
एस्तेरनं वाचलं. म्हणाली,
"दादा, चर्चच्या बोर्डाला
दोनच भोकं आहेत."

मी पहार शोधू लागलो.