पहिले पंधराशे

अल नखीलच्या त्या दुकानात एसी ठिबकत होता बादलीत.
काउंटरमागे इम्तियाज सरगुरोह, खेडचा.
मी जतचा, हे कळल्यावर त्यानं इंग्रजी मिटून ठेवली
आणि कागद माझ्याकडं फिरवला.

"विमा आहेच. एक्सेस पंधराशे दिऱ्हम."
मला वाटलं, एक्सेस म्हणजे जास्तीचं,
दुधावर साय असते तसं, वरून मिळणारं काहीतरी.
"जास्तीचं नाही हो. तुमच्या वाट्याचं.
ठोकलीत, घासलीत, तर पहिले पंधराशे तुमचे.
त्यापुढचं कंपनी बघेल."

रोज पस्तीस जादा भरले तर तेही माफ.
"काच सोडून. टायर सोडून. गाडीचं पोट सोडून.
आणि पोलिसांचा कागद नसेल तर सगळंच सोडून."
उपासाला काय काय चालत नाही
हे एखाद्या मावशीनं सांगावं, तसं सांगितलं त्यानं.

तीन दिवस, एकशे पाच.
एकशे पाचात लेकीचे बूट येतात.
नको म्हणालो.
सही करताना पेन जरा अडखळलं, तेवढंच.

मग त्याच्याच सांगण्यावरून व्हिडिओ काढला.
पांढरी सनी, चारी बाजू, छत, चाकं,
बंपरखाली नखाएवढा जुना ओरखडा.
"हा तोंडानं बोला. तारीख पण."
बोललो. कोर्टात उभा असल्यासारखा.

शारजाला वैजयंता उतरली, अठरा महिन्यांनी.
ईश्वरीनं आधी सीटबेल्ट ओढून बघितला,
मग माझ्याकडं बघितलं.
"गावाकडं जीप कशी हाणायचा," वैजयंता म्हणाली,
"आता काय बैल जुंपलाय?"
म्हणालो, इथं कॅमेरे असतात.
खोटं नव्हतं ते.

जबल जैसच्या वळणांवर त्या दोघी दरीकडं बघत होत्या,
मी दगडांकडं.
एकेका दगडावर किंमत लिहिलेली, सगळ्यांवर एकच.
वर वारा असा की बोललेलं उडून जावं.
कठड्यापाशी उभी राहून ती हात करत होती, या की.
आलो आलो म्हणत मी
शेजारच्या लँडक्रूझरचं दार किती उघडतंय
ते बघत थांबलो.

मित्रानं तीन दिवसांपुरती दिलेली खोली, दुसरा मजला.
रात्री दोनदा खाली जाऊन आलो.
"तब्येत बरी आहे ना?" तिनं अंधारातच विचारलं.
गाडी दिव्याखाली गपगार उभी होती.

शेवटच्या दुपारी सुपरमार्केटबाहेर
एक रिकामी ट्रॉली आपापली निघाली,
उताराला लागली
आणि मागच्या दाराला येऊन टेकली.
आवाजसुद्धा नाही.
पोलिसांना बोलवायचं तर दोन तास. विमान साडेपाचचं.
ईश्वरीनं बोटाला थुंकी लावून पुसून बघितलं,
मग पुन्हा एकदा, जोर लावून.
"राहू दे," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच.
त्यानंतर शारजापर्यंत कुणी बोललं नाही.

इम्तियाजनं टॉर्च मारला. अंगठा फिरवला.
"पॉलिशनं गेला तर गेला," म्हणाला.
"तसंही डिपॉझिट एकवीस दिवस अडकतं.
चलान येतात मागून."
मग सीटखालून एक मोजा काढून दिला, लहान, पिवळा.
"हा तुमचा. हा लिस्टमध्ये नाही."

आज एकोणिसावा दिवस.
टाइल्सच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोन उघडतो.
गाडीचे बावीस फोटो. डोंगराचा एक.
वैजयंताचा एक, डोळे मिटलेला.

आणि विमानतळाच्या पार्किंगमधला तो दुसरा व्हिडिओ.
बोनेट, छत, चाकं, मागचं दार,
डाव्या बाजूला आडवा, बोटभर.
मी तिथं थांबलोय, कॅमेरा हलत नाही,
आणि ओरखड्याच्या वर, काचेत, ती दिसते.
एका हातात बॅग, एका हातात ईश्वरीचा हात.
घाई करा असं म्हणत नाही.
माझं कधी उरकतंय ते बघत उभी आहे,
चाळीस सेकंद,
आणि माझा आवाज तारीख सांगतोय.