शिट्ट्या

वडगावात आमच्या गल्लीत
बारा माग एकदम सुरू झाले
की पाहुणे कान धरतात.
सुयश तिथंच झोपतो.
पण कुकरची शिट्टी झाली
की मोरीत जाऊन बसतो, दार लावून.

तीन वर्षांचा असताना
रिकाम्या कांड्या ओळीनं लावायचा,
तांबडी, तांबडी, निळी.
सासूबाई म्हणाल्या, गुणाचं पोरगं, पसारा करत नाही.
मीही तेच सांगत फिरले.

पाट्या वाचायचा, आधी कन्नड, मग मराठी.
जिथं मराठीवर रंग फासलाय
तिथं बोटानं चाचपत उभा राहायचा,
कितीही ओढा.

'डोकं खाऊ नको' म्हटलं
तर माझ्या केसांत हात घालून बघितलं,
"आहे की गं सगळं."
आम्ही हसलो. दोन वर्षं हसलो.

कॅम्पातल्या डॉक्टरीणबाई कन्नडात विचारत होत्या,
नजर चुकवतो? एकटाच खेळतो?
एकच विषय तासभर?
मी हौद्री, हौद्री म्हणत गेले
आणि मध्येच कुठंतरी
भरमामामाबद्दल सांगत होते:

जत्रेत ढोल वाजला की ओढ्याकडं पळणारा,
खानापूरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ,
'माझ्याकडं बघ' म्हणत मास्तरांनी
ज्याची हनुवटी धरून ठेवली होती.
गावानं त्याला एकच शब्द दिला. खुळा.

सुयशच्या कागदावर लिहिलंय, ॲस्पर्जर.
ना कन्नड, ना मराठी.
चारदा म्हणून बघितला बसमध्ये.

घरी येऊन डाळ लावली.
आधी हाक मारली,
"सुयश, आता शिट्ट्या होतील. तीन."
मोरीच्या दाराआडून तो म्हणाला,
"काल चार झाल्या होत्या."