मागचा जिना

हेलिगच्या घरात आधी प्रॉदरो आले,
लोकरीच्या पैशावर उठलेले.
दारावर वेल्श वचन कोरून घेतलं,
खाली साल: सोळाशे एक्केचाळीस.
त्यातला एक चार उलटा आहे, अजूनही.

नातवंडं ऑक्सफर्डला गेली,
परतली ती इंग्रजीत जेवू लागली.
वेल्श मागच्या जिन्याने उतरली
स्वयंपाकघरात,
चुलीशी पडून राहिली मांजरासारखी.

मग पत्त्यांच्या एका डावात
घर गेलं टॅनॅटांकडे.
त्यांची पाटीच्या दगडाची खाण.
डोंगर पोखरून त्यांनी काचघर बांधलं,
त्यात एकच अननस पिकला;
तो कुणी खाल्ला
यावर गावात दोन मतं आहेत.

माझी पणजी ग्वेनलियन तिथे भांडी घासायची.
भिंतीवर अकरा घंटा, खोलीगणिक एक.
सहावी, धाकट्या साहेबांची,
सतराच्या ऑगस्टनंतर वाजली नाही.
तरी दर शनिवारी ती तिचं पितळ उजळायची.
म्हणायची, तिने काय कुणाचं घोडं मारलंय?

शेवटच्या टॅनॅटबाई एकाच खोलीत राहायच्या,
छपराचं शिसं विकून कर भरायच्या.
उशाला बादली, पायथ्याला बादली,
मधे बाई.

शेवटच्या रात्री त्यांना तहान लागली.
म्हणाल्या, ‘डूर.’
लहानपणी दाईने शिकवलेला शब्द,
पाण्याचा.
सत्तर वर्षं कुठे होता कोण जाणे.

माझ्या आजीने पेला भरून दिला
आणि त्या घरात पहिल्यांदाच,
न विचारता,
खुर्ची ओढून बसली.