एका खोट्याची परवानगी

चिठ्ठीत आलं : दुभाषी.
मला तिरंदाज व्हायचं होतं.
एल्विरानं शिट्टी गळ्यात अडकवून नियम वाचले :
मेलेल्यानं फणसाखाली वीस मिनिटं बसायचं,
नदीत ढकलायचं नाही, चष्म्यावर मारायचं नाही,
राजांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही
आणि दुभाष्याला
दिवसभरात एकच खोटं माफ.

कुसमळीच्या खालच्या अंगाला, मलप्रभेच्या काठी,
भात कापलेल्या रानात आम्ही नव्वद जण.
तलवारी एसीच्या पाइपवरच्या काळ्या फोमच्या,
बॉम्ब म्हणजे जुन्या मोज्यांत कोंडा.
फाउंड्रीतली पोरं, दोन नर्सा, एक लाइनमन
जो शिडीशिवाय आज पहिल्यांदाच शूर.
रंग ठरवायला तीन बैठका लागल्या.
भगवा नको, पिवळा नको, तांबडा तर नकोच.
का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.
उरले जांभळा आणि पोपटी.

लुमाण्णानं मधून फक्की ओढली.
कबड्डीचा हात, रेघ सरळ आली,
फक्त वारुळापाशी अदबीनं वळली.

भाषासुद्धा चिठ्ठीनंच वाटल्या :
भरमा कदम कन्नडचा राजा झाला,
अडिवेप्पा हुक्केरी मराठीचा.
दोघंही आपापल्या राज्यात ठेचकाळत बोलू लागले.

एरवी मी खानापुरात, तहसीलबाहेर, छत्रीखाली बसते.
लोक मराठीत सांगतात, मी कन्नडात भरते :
सासऱ्याचं नाव, सर्वे नंबर, हरवलेलं रेशनकार्ड.
सतरा वर्षांत शब्द इकडचा तिकडं नाही.
एक आकडा चुकला तर
कुणाची तरी विहीर दुसऱ्याच्या रानात जाते.

बारा वाजता दोन्ही सैन्यं फक्कीला भिडली.
अडिवेप्पानं तलवार उचलली, गर्जला,
"तुझ्या किल्ल्याचा मी चटणी करतो!"
मागं कुणीतरी खुसखुसलं.
सगळे माझ्याकडं बघू लागले.
सकाळपासून ते खोटं माझ्या खिशात होतं,
सुट्ट्या पैशासारखं वाजत.
फणसाखाली दोन्हीकडची मढी
एकाच डब्यातली शेंगाचटणी चाटत होती.
मी भरमाकडं वळले :
"ऊटा आतेनू, अंत केळाकत्तार."
जेवण झालं का, विचारतायत.

आता इथं दोघांनाही दोन्ही कळतं.
नव्वदांनाही कळतं.
पण नियम असा, की कळलं तरी कळलं नाही म्हणायचं;
हा एक आम्हाला शिकवावा लागला नव्हता.
भरमानं फोमची तलवार खाली केली, डोकं खाजवलं.
"इन्नू इल्ला," म्हणाला.
दिवसभरातलं त्याचं पहिलं बिनचूक कन्नड.
"अजून नाही, म्हणतो," मी सांगितलं. हे खरं होतं.

एल्विरा शिट्टी फुंकत धावत आली,
"काय करूलालीस गे? तीन पोती कोंडा भरून ठेवलाय!"
नियमांचा कागद दोनदा उलटा-सुलटा केला.
त्यात जेवणाविरुद्ध काही नव्हतं.

युद्ध झालं. जेवून झालं.
लोक त्यासाठीच पैसे भरून आले होते.
लाइनमन चार वेळा मेला, चारही वेळा ओरडून.
फक्की कुठं होती ते तीननंतर सापडेना,
वारूळ तेवढं जागेवर.
मलाही कानशिलावर एक मोजा बसला.
फणसाखाली भरमा आधीच मरून बसलेला.
त्यानं नुसतीच बाटली पुढं केली.
वीस मिनिटं आम्ही कुठल्याच भाषेत बोललो नाही.

सोमवारी टायपिंगला बसले,
केसांतून कीबोर्डवर कोंडा सांडला.
समोरचे काका तावातावानं सांगत होते,
"लिही, त्या हरामखोर शेजाऱ्यानं बांध कोरलाय."
मी लिहिलं : शेजाऱ्यानं बांध कोरला आहे.
गाळणं खोट्यात धरतात का,
हे एल्विराला विचारायचं राहिलंच.